सैन्यात जाऊ की परदेशात जाऊन इंग्रजी शिकवू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहा वर्षं पूर्व आशियात इंग्रजी शिकवलं. धाकटा भाऊ त्याच काळात सैन्यात होता. घरात दोन्ही वाटा एकदम चालून झाल्यामुळे हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. अर्ज करण्याआधी त्या त्या खात्याची ताजी जाहिरात स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका.

मुळात या दोन वाटांची तुलना होते तरी का?

कागदावर होत नाही. पण विचारणारी माणसं एकाच वळणावर उभी असतात. वय विशी-पंचविशीचं, पदवी हातात किंवा येऊ घातलेली, ऑफिसच्या खुर्चीचा कंटाळा त्या खुर्चीत बसण्याआधीच आलेला, आणि घरापासून लांब जायची ओढ. दोन्हीकडे अनुभव नसताना घेतात. राहायची सोय बऱ्याचदा तेच करतात. जाहिरातीत दोन्हीकडे डोंगर आणि समुद्र असतात. साम्य एवढंच.

मला नक्की कशाची आवड आहे हे ओळखायचं कसं?

आवडीचा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि त्या कामातला एखादा मंगळवार कसा जातो ते विचारा. परदेशात शिकवायला निघालेल्या दहाजणांपैकी सात-आठ जणांना 'परदेश' हवा असतो, शिकवणं हे तिकिटासारखं असतं, असं माझं निरीक्षण आहे. सैन्यात जाणाऱ्यांचंही थोडंफार तसंच. गणवेश हवा असतो, गणवेशातली दुपार कोणी डोळ्यांसमोर आणत नाही.

माझा मंगळवार सांगतो. एका सरकारी शाळेत एकाच इयत्तेच्या पाच तुकड्या. पाचही वर्गांत तोच धडा: रस्ता कसा सांगावा. 'टर्न लेफ्ट, गो स्ट्रेट.' मी वर्गात शिरून 'हाऊ आर यू?' म्हणायचो आणि चाळीस पोरं एका सुरात, एका दमात म्हणायची, 'आय ॲम फाइन, थँक यू, ॲन्ड यू?' ताप आलेलं पोरगंसुद्धा फाइनच असायचं. पहिल्या तासाला केलेला विनोद पाचव्या तासाला पाचव्यांदा करायचा, आणि तो आत्ताच सुचल्यासारखा करायचा. ते मला जमायचं, आवडायचंही. माझ्याबरोबर रुजू झालेला सहकारी तिसऱ्या महिन्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शिकवायला लागला. हुशार होता, पण त्याला हवा होता तो रविवार, आणि आठवड्यात रविवार एकच.

भावाचा मंगळवार वेगळा. एकदा त्याने फोनवर सांगितलं की अख्खी संध्याकाळ तंबूच्या खुंट्या मोजण्यात गेली. नोंदवहीत लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक कमी भरत होती. तीनदा मोजल्या. चौथ्यांदा मोजताना ती दुसऱ्या पिशवीच्या तळाशी सापडली. मी हसलो. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, 'आज खुंटी हरवली तर उद्या काडतूस हरवतं.' हे वाक्य ज्याला पटतं त्याने सैन्याचा विचार जरूर करावा. ज्याला त्यात फक्त वेडेपणा दिसतो त्याचे तिथे हाल होतील, मग तो कितीही शूर असो.

तेव्हा दोन्हीचा एकेक साधा दिवस जगून बघा. गावातल्या कुठल्याही मोफत वर्गात महिनाभर मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवा. आणि महिनाभर रोज पहाटे उठून, मनात असो नसो, पाठीवर वजन घेऊन चाला. यातलं काय आधी सुटतं ते लक्षात ठेवा.

मध्येच सोडावंसं वाटलं तर?

खरा फरक इथे आहे. पगार, मान, प्रवास यांची तुलना लोक तासन्‌तास करतात आणि हा प्रश्न शेवटी, दारातून निघता निघता विचारतात. तो पहिला विचारायला हवा.

सैन्यात राजीनामा ही विनंती असते. अमेरिकेत पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण बांधिलकी ८ वर्षांची असते. त्यातली काही वर्षं सक्रिय सेवेची आणि उरलेली राखीव दलातली, म्हणजे घरी बसलेल्यालाही बोलावणं येऊ शकतं. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांच्या काळात करार संपत आलेल्या हजारोंना सक्तीने थांबवून घेतलं गेलं होतं. ब्रिटिश लष्करात नव्या सैनिकाला साधारण ४ वर्षं काढावी लागतात, आणि निघायचं तर १२ महिन्यांची नोटीस. भारतात शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी १० वर्षांसाठी जातो, पुढे ४ वर्षं वाढवून मिळू शकतात. जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना ४ वर्षांची आहे, आणि तिथे प्रश्न उलटा होतो. सोडायचं की नाही हे बहुतेकांच्या हातात नसतं, कारण एका तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम करतात. न विचारता निघून जाणं हा सगळीकडेच गुन्हा आहे, आणि बऱ्याच देशांत खटला लष्करी न्यायालयात चालतो.

शिकवण्यात करार बहुतेक एका वर्षाचा. परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला बोलावणारा जपान सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. तिथे दर वर्षी करार नव्याने होतो आणि जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं. मध्येच सोडलं तर विमानभाडं परत द्यावं लागेल, शिफारसपत्र मिळणार नाही, फार तर व्हिसा जाईल. तुरुंगात कोणी टाकत नाही. कोरियात शिक्षकांच्या बोलीत 'मिडनाइट रन' असा शब्दच आहे: पगार झाला की त्याच रात्री बॅग उचलून विमानतळ गाठायचा. माझ्या शेजारच्या खोलीतला एकजण असाच गेला. सकाळी दार उघडं, टेबलावर खोलीची किल्ली आणि अर्ध्या तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. त्या वह्या मी तपासल्या, म्हणून मला पळून जाणाऱ्यांचं फारसं कौतुक नाही.

पण दार उघडं असण्याचाही त्रास असतो, हे मला उशिरा कळलं. सैन्यात चार वर्षांनी तुम्ही एक पायरी वर असता, नसलात तर निदान का नाही ते तुम्हाला सांगितलं जातं. शिकवण्याच्या नोकरीत दर वर्षी 'अजून एक वर्ष बघू' म्हणत सहा वर्षं निघून जातात, आणि सहाव्या वर्षीचं काम पहिल्या वर्षीसारखंच असतं. माझं तेच झालं.

आधी कोणतं करावं?

दोन्ही करायचंच असेल तर घड्याळ बघा. सैन्याची वयोमर्यादा कडक असते, अर्जातल्या तारखेला एक दिवस जास्त भरला तरी अर्ज बाद. भारतात एनडीएसाठी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस हेच वय लागतं. काही देशांत मर्यादा तिशीच्या पुढेही जाते, पण गुडघे कुठल्याच देशाचे नियम वाचत नाहीत. शिकवायला मात्र पस्तिशीत किंवा पंचेचाळिशीतही सुरुवात करता येते, आणि थोडं वय दिसलं तर वर्ग उलट जास्त ऐकतो.

म्हणून तराजू खरंच समान असेल तर आधी सैन्य, असं मी सांगतो. समान नसेल तर हे उत्तर विसरा. आठ-दहा वर्षं सक्तीचं जगणं हे काही 'राहून गेलं असतं' म्हणून करायचं काम नाही.

आधी परदेशात शिकवून मग सैन्यात गेलं तर अडतं का?

अडत नाही, पण रेंगाळतं. गोपनीय कामासाठी पार्श्वभूमी तपासतात, आणि परदेशात काढलेलं प्रत्येक वर्ष त्यात मोजलं जातं. अमेरिकेच्या एसएफ-८६ या फॉर्मात गेल्या ७ वर्षांतले जवळचे परदेशी संबंध लिहावे लागतात. तीन वर्षं परदेशात शिकवलेल्या माणसाचे सगळे मित्र म्हणजे परदेशी संबंधच. ब्रिटनमध्येही वरच्या पातळीच्या तपासणीसाठी अमुक वर्षं देशात राहिलेलं असणं साधारणपणे अपेक्षित असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तिथल्या प्रत्येक घराचा पत्ता, राहिल्याच्या तारखा आणि घरमालकाचं नाव एका वहीत लिहीत जा. देश सोडण्याआधी तिथल्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्या. नंतर परतून ते मागवणं म्हणजे सहा महिन्यांची पत्रापत्री.

शिकवायला कुठलं सर्टिफिकेट लागतं? ऑनलाइन टेफल चालतं का?

व्हिसासाठी अनेक ठिकाणी कुठल्याही विषयाची पदवी आणि १२० तासांचा टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स, पुरतो. वर्गात उभं राहायला तो पुरत नाही. ऑनलाइन कोर्समध्ये व्हिडिओ बघून बरोबर उत्तरावर टिचकी मारायची असते, समोर माणूस नसतो. केंब्रिजच्या सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं, मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो, आणि धडा संपला की तुमची चिरफाड होते. ट्रिनिटीचा सर्टटेसॉलही त्याच तोलामोलाचा. करायचं तर यातलं एक करा. खर्च जास्त येतो, पण शिकवणं हे आपलं काम आहे की नाही याचा निकाल त्या चार आठवड्यांत लागून जातो.

पगार आणि मान दोन्ही हवं असेल तर खरा रस्ता वेगळाच आहे: आपल्या देशातला शिक्षकाचा रीतसर परवाना आणि दोन वर्षं शाळेतला अनुभव. मग आंतरराष्ट्रीय शाळा विचारतात. टेफलवर गेलेल्यांना त्या दारात उभं करत नाहीत.

माझी मातृभाषा इंग्रजी नाही. मला कोण घेणार?

गोड बोलण्यात अर्थ नाही, हा धंदा पासपोर्ट बघतो. दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं असेल, व्याकरण तर नक्कीच चांगलं असेल, पण खिडकीवरचा माणूस ते ऐकून घेत नाही. काही देशांत पदवी, सेल्टा आणि आयईएल्टीएसचा वरचा गुण दाखवला की वाट निघते. शाळेत विज्ञान किंवा गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना तर मातृभाषा क्वचितच विचारतात. 'पासपोर्ट कुठलाही चालेल, व्हिसा आल्यावर बघू, आधी पर्यटक म्हणून या' असं सांगणारा एजंट भेटला तर फोन ठेवा. त्या व्हिसावर शिकवणं बेकायदा, आणि पकडले तुम्ही जाता, एजंट नाही.

सैन्याचं याच्या उलट. तिथेही पासपोर्टच बघतात, पण तो आपलाच लागतो. फ्रान्सच्या फॉरेन लीजनसारखे अपवाद आहेत. तिथला पहिला करार ५ वर्षांचा.

पैसा कुठे जास्त?

हातात येणारी रक्कम पहिल्या वर्षी शिकवण्यात जास्त दिसू शकते. वीस वर्षांचा हिशेब मांडला तर सैन्य पुढे जातं, अर्थात तुम्ही वीस वर्षं टिकलात तर. अमेरिकेत निवृत्तिवेतन २० वर्षांच्या सेवेनंतर सुरू होतं. भारतात अधिकाऱ्याला साधारण २० आणि जवानाला १५ वर्षं लागतात. अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही, सेवा संपल्यावर एकरकमी निधी मिळतो. शिवाय उपचार, घर, आणि अमेरिकेत तर ३६ महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च. भावाचं चेष्टेने म्हणणं असं की त्याचा पगार कमी आहे, पण तो खर्च करायला वेळच देत नाहीत.

शिकवणाऱ्याचं निवृत्तिवेतन म्हणजे त्याने स्वतः बाजूला टाकलेले पैसे. मात्र काही हक्काच्या रकमा लोक विसरून येतात, त्या विसरू नका. कोरियात एक वर्ष पूर्ण केलं की किमान महिनाभराचा पगार सेवासमाप्तीची रक्कम म्हणून मिळतो. काही संस्था अकराव्या महिन्यात नारळ देतात त्याचं कारण हेच. जपानमध्ये भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांचा काही भाग देश सोडल्यावर परत मागता येतो, पण अर्ज २ वर्षांच्या आत करावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन या हिशेबाने रक्कम मिळते.

ही नोकरी टिकेल का?

सैन्य टिकतं, खासगी भाषासंस्था बुडतात. जपानमधली नोव्हा ही सगळ्यात मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि हजारो परदेशी शिक्षक बिनपगारी झाले. अनेकांचं घरही संस्थेचंच होतं. चीनने जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं काम जवळपास रातोरात गेलं. तीन महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय विमानात बसू नका. यावर मी वाद घालत नाही.

करारात काय बघायचं?

सैन्याच्या करारात तुम्हाला बदलता येईल असं जवळजवळ काही नसतं. तरी एक गोष्ट बघा: भरती अधिकारी तोंडी जे काही देतो आहे, अमुक शाखा, अमुक प्रशिक्षण, अमुक ठिकाण, ते कागदावर आहे का? नसेल तर ते नाहीच असं समजा.

शिक्षकाच्या करारात 'आठवड्याला २२ तास' हे वाक्य सापडलं की थांबा. मी थांबलो नव्हतो. पहिल्या संस्थेत ते २२ तास फक्त फळ्यासमोरचे निघाले. बाकी वेळ टेबलाशी बसून राहायचं, सुट्टीत शाळेत एकही मूल नसताना सुद्धा. याला तिथे 'डेस्क वॉर्मिंग' म्हणतात. बसण्याचे तास किती, शनिवार कोणाचा, आजारपणाच्या रजा किती, घराची अनामत कोण भरणार, आणि नोकरी बदलायची तर सोडचिठ्ठीचं पत्र देणार का, हे पाच प्रश्न ईमेलवर विचारा. फोनवर दिलेलं उत्तर उत्तर नसतं. आणि त्या संस्थेत सध्या शिकवणाऱ्या एकाशी तरी बोलायला मागा. 'सगळे कामात आहेत' असं म्हणाले तर समजून जा.

जिवाला धोका?

हा प्रश्न आई विचारते, आणि तिचं बरोबर आहे. सैन्यात धोका पदावर आणि काळावर अवलंबून असतो. युद्ध नसतानाही सराव, वाहनं आणि हत्यारं यांचे अपघात होतात. शरीराची झीज मात्र जवळपास ठरलेली: पाठ, गुडघे, कान. अमेरिकेत सेवेतून आलेल्या अपंगत्वाच्या दाव्यांत कानात सतत वाजत राहणं हे सगळ्यात जास्त आढळतं. शिकवणाऱ्याचा घसा जातो, आणि पहिल्या हिवाळ्यात एकटेपणाने मन जातं. बराकीत एकटं राहायला मिळत नाही म्हणून भाऊ कुरकुरायचा, आणि मी रात्री फ्रीजशी बोलायचो.

औषधं चालू असतील तर दोन्हीकडे आधी विचारा. दम्याचा किंवा मानसिक उपचारांचा इतिहास सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत अडवू शकतो. आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी ॲम्फेटामिनवर्गातली काही औषधं जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

माझ्या देशात लष्करी सेवा सक्तीची आहे. मग?

मग निवड नाही, फक्त क्रम आहे. सिंगापूरमध्ये २ वर्षं, दक्षिण कोरियात दलानुसार १८ ते २१ महिने. ती उरकूनच बाहेर पडा. परदेशात राहून ती टाळत राहिलात तर पासपोर्टपासून सगळं अडतं.

दोन्ही एकत्र करता येत नाही का? सैन्यात राहून शिकवायचं?

येतं, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. भारताच्या लष्करात आर्मी एज्युकेशन कोअर आहे. तिथे पदव्युत्तर पदवी घेतलेले अधिकारी जवानांना शिकवतात, भाषाही शिकवतात. ब्रिटनमध्ये एज्युकेशनल अँड ट्रेनिंग सर्व्हिसेसचे अधिकारी आधी सँडहर्स्टला लष्करी प्रशिक्षण घेतात आणि मग वर्गात उभे राहतात. अमेरिकेत टेक्सासच्या लॅकलंड तळावर परदेशी सैनिकांना आणि वैमानिकांना इंग्रजी शिकवणारी मोठी संस्था आहे, आणि तिथे नागरी शिक्षकही नोकरीला असतात. नाटोने तर भाषेच्या पातळ्या ठरवणारं स्वतंत्र मानकच केलं आहे, स्टानाग ६००१, शून्य ते पाच.

एका सुट्टीत मी असाच एक वर्ग घेतला होता, वायरलेसवर बोलायचं इंग्रजी. विद्यार्थी वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर, वह्या एका रेषेत. 'हाऊ आर यू?' विचारल्यावर मागच्या बाकावरचा तगडा सार्जंट उभा राहिला आणि म्हणाला, 'टायर्ड, सर.' सहा वर्षांत मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर.

घरचे तयार नाहीत. काय सांगू?

सैन्याला 'नको' म्हणणारे आणि परदेशाला 'नको' म्हणणारे घरचे सहसा एकच असतात. त्यांना भवितव्याचं भाषण ऐकवण्यात वेळ घालवू नका. करार समोर ठेवा, रजा किती आणि कधी ते दाखवा, आजारी पडलो तर खर्च कोण करेल ते सांगा. आमच्याकडे वडिलांनी दोन्ही करार चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि मग भावाला एवढंच विचारलं, 'बहिणीच्या लग्नाला सोडतील का?' सोडलं नाही. मी मात्र आलो होतो, नोकरी सोडून.

कागदपत्रांत लोक सगळ्यात जास्त कुठे चुकतात?

नावात. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं. सैन्यात यावरून कागदपत्रांच्या तपासणीतच परत पाठवतात, आणि परदेशात पदवीच्या ॲपोस्टिलवर काम अडतं. ॲपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, १९६१ च्या हेग करारानुसार लागणारा शिक्का. चीननेही तो नोव्हेंबर २०२३ पासून मानायला सुरुवात केली, त्यामुळे तिथल्या दूतावासाच्या फेऱ्या वाचल्या. नाव दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठं महिनोन्‌महिने लावतात. निर्णय व्हायचा तेव्हा होईल, हा अर्ज आजच टाका. दोन्हीकडे लागणारच आहे.